बेळगावातील जर्सीचा एक कारखाना आणि दुसऱ्या सेटचा प्रश्न

शहापूर-वडगाव भागात, जेथे अजूनही यंत्रमागांचा खडखडाट कानावर येतो, तेथील एका गल्लीत खेळाडूंच्या जर्सी छापून आणि शिवून देणारा एक लहान कारखाना आहे. एकाच घरची माणसे तो चालवतात आणि बाहेर फलक लावलेला नाही. मोसमातले काम आताच झेपत नाही, तेव्हा नाव छापू नका, अशी मालकांनी विनंती केल्यामुळे मी ते येथे देत नाही. शहापुरात कोणत्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारले तरी तो वाट दाखवील. आमच्या गल्लीतील मंडळाच्या फुटबॉल संघासाठी गेल्या पावसाळ्याआधी आम्ही तेथून दोन सेट करून घेतले, आणि पूर्ण मोसमभर ते अंगावर, चिखलात आणि धुण्यात पारखून झाल्यावर हे लिहीत आहे.

जर्सी शिवून देणाऱ्या बहुतेक दुकानांत गेल्यावर मोबाइलवर शे-दोनशे नमुने समोर ठेवले जातात. त्यांतला एक निवडायचा, मंडळाचे नाव आणि आकडे लिहून द्यायचे, आगाऊ रक्कम भरायची आणि बाहेर पडायचे, असा शिरस्ता आहे. या कारखान्यात नमुना दाखवण्याआधी आम्हाला विचारण्यात आले की, तुमचा संघ कोणाकोणाशी खेळतो, त्यांचे रंग कोणते, सामने किती वाजता असतात आणि मैदानाची माती कसली आहे. असे विचारणारा दुसरा जर्सीवाला मला आजवर भेटलेला नाही. या कारखान्याची मी मनापासून शिफारस करतो ती मुख्यतः या प्रश्नांसाठी, कारण गणवेश बरा की वाईट हे तो समोरच्या संघाशेजारी उभा राहिल्यावरच ठरते, आणि आपल्याकडे तो विचार कापड फाडून झाल्यावर, पहिल्या सामन्याच्या दिवशी, पंचांनी शिट्टी वाजवण्याच्या आधी सुरू होतो.

आमची अडचण जुनी होती. मंडळाचा रंग डाळिंबी, त्यावर उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत उतरणारा पांढरा तिरका पट्टा. हा गणवेश आमच्या वडीलधाऱ्या खेळाडूंनी ठरवला. तेव्हा सुती बनियन रंगवून आणले होते आणि पट्टे घरोघरी बायकांनी हाताने टाचले होते, असे ते सांगतात. भोवतालचे संघ पाहिले, तर कोणाचा गडद निळा, कोणाचा काळा, कोणाचा बाटली हिरवा आणि एकाचा वांगी. कागदावर ही सारी वेगळी नावे आहेत. पण बेळगावचा पाऊस सुरू झाला, आभाळ खाली आले, जर्सी भिजून आणखी काळपट झाल्या आणि सामना संध्याकाळी लांबला, की मैदानाच्या पलीकडच्या कडेला आपला कोण आणि परका कोण हे पंचांना तर सोडाच, आमच्या गोलरक्षकालाही उमगत नाही. फुटबॉलच्या नियमावलीतील चौथा नियम स्पष्ट सांगतो की, दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे दिसले पाहिजेत, आणि गोलरक्षक सर्वांहून वेगळा दिसला पाहिजे. नियम पाळायचा म्हणून आयोजक ऐनवेळी एका संघाला सरावाच्या बिब, म्हणजे जर्सीवरून चढवायच्या बिनबाह्यांच्या रंगीत बंड्या, देतात. त्या बिबखाली पाठीवरचा आकडा जातो, पट्टा जातो, आणि ज्या जर्सीसाठी पोरांनी वर्गणी काढली ती कोणाला दिसतच नाही.

या प्रश्नाकडे मी नीट पाहू लागलो ते ऑस्ट्रेलियन फुटबॉलमुळे. माझा भाचा मेलबर्नमध्ये नोकरीला आहे आणि त्याच्यामुळे मला या खेळाची गोडी लागली. मैदान लंबगोल, १३५ ते १८५ मीटर लांबीचे. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. लंबगोल चेंडू हातात धरून पळता येते, लाथेने किंवा मुठीने मारून तो साथीदाराकडे देता येतो, आणि ऑफसाइडचा नियमच नाही. त्यामुळे ३६ खेळाडू मैदानभर एकमेकांत मिसळलेले असतात, चेंडू हाती आला की चारी बाजूंनी माणसे अंगावर येतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलेल्या रंगाच्या भरवशावर चेंडू सोडावा लागतो. आता क्लब पाहावेत. कार्लटन, मेलबर्न, जिलाँग आणि ॲडलेड या चौघांच्या गणवेशात गडद निळ्याचे राज्य आहे; कॉलिंगवूड, एसेंडन, रिचमंड आणि पोर्ट ॲडलेड या चौघांच्या गणवेशात काळ्याचे. म्हणजे १८ क्लबांच्या स्पर्धेत निदान आठ जण अंधाऱ्या बाजूचे. त्यात मेलबर्न आणि जिलाँग यांचा जन्म १८५८ आणि १८५९ मधला, रिचमंड आणि एसेंडन दोघांच्याही काळ्या अंगावर तिरका पट्टा, फक्त एकाचा पिवळा आणि दुसऱ्याचा लाल; आणि कोणीही आपला रंग सोडायला तयार नाही. यजमानांनी रंगीत शॉर्ट्स आणि पाहुण्यांनी पांढऱ्या शॉर्ट्स घालाव्यात, ही तेथील जुनी तोड आहे, परंतु तेवढ्याने भागले नाही. २००७ साली स्पर्धेच्या नियामकांनी सर्व क्लबांना बंधन घातले की, रंग जुळत असल्यास वापरण्यासाठी प्रत्येकाकडे दुसरी जर्सी असलीच पाहिजे. तिला तेथे क्लॅश जर्सी म्हणतात.

त्या बंधनाला एसेंडनने दिलेले पहिले उत्तर फार शिकण्यासारखे आहे. त्यांनी आपला लाल पट्टा इतका रुंद केला की काळी जर्सी जवळजवळ लाल झाली. परंपरा राहिली, रंगही आपलेच राहिले, आणि कागदावर काळ्याची लाल झाली. २०११ च्या मोसमापर्यंत ही जर्सी चालली, आणि नंतर नियामकांनी ती नाकारली, कारण तिच्यातून पुरेसा फरक दिसत नव्हता. गडद लाल आणि काळा हे दोन रंग असले तरी दोन्ही काळोखाच्याच घरचे आहेत. २०१२ पासून क्लबाने करड्या रंगाची जर्सी घेतली, तिच्यावर लाल पट्टा ठेवला आणि करड्या भागात क्लबाला अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या खेळाडूंची नावे बारीक अक्षरांत छापली. मला स्वतःला तो करडा रंग आवडला नाही. तो एसेंडनच्या घरात कधी नव्हता. पण नावे छापण्यामागची तळमळ मला समजते, आणि दुसऱ्या जर्सीतही आपली माणसे आपल्याबरोबर असावीत असे ज्यांना वाटले त्यांच्याविषयी आदर वाटतो.

एसेंडनच्या पट्ट्याची गोष्ट याहून मागे जाते, आणि आमच्या मंडळाच्या बैठकीत माझ्या सर्वांत उपयोगी पडली ती हीच. १८७५ च्या नोंदीत एसेंडनची जर्सी नुसती गडद निळी आहे. १८७७ च्या नोंदीत तिच्यावर डाव्या खांद्यावरून येणारा लाल पट्टा दिसतो. त्या काळी निळा रंग इतक्या संघांचा होता की, गर्दीत आपली माणसे वेगळी दिसावीत म्हणूनच तो पट्टा आला असावा, असे मानले जाते. म्हणजे ज्या पट्ट्याला आज हात लावला तर तेथील लोक रस्त्यावर येतील, तो पट्टा मुळात रंग जुळण्याच्या अडचणीवरचा तोडगा असावा. मंडळाच्या जुन्या खेळाडूंपैकी आमच्या आप्पांना, जे दुसऱ्या सेटचे नावही काढू देत नव्हते, मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आपल्या वेळचा पांढरा पट्टा कसा आला ते सांगितले, आणि तोही एका डाळिंबी जर्सीच्याच संघाशी गाठ पडल्यावर आला होता असे निघाले.

एसेंडनच्या बाबतीत नियामकांच्या लक्षात जे यायला पाच मोसम लागले, ते कारखान्याच्या मालकांनी आम्हाला जागच्या जागी दाखवले. त्यांच्या घरात आधी साड्यांचे माग होते, त्यामुळे रंगाकडे पाहण्याची त्यांची नजर छापखान्यातली नाही. त्यांनी डाळिंबी, गडद निळा, बाटली हिरवा आणि काळा असे कापडाचे तुकडे फरशीवर शेजारी शेजारी टाकले, आम्हाला दारापर्यंत मागे जायला सांगितले, आणि मोबाइलचा कॅमेरा कृष्णधवल करून त्यातून पाहायला लावले. काळा तेवढा थोडा वेगळा राहिला. बाकी तिन्ही तुकडे एकाच करड्या छटेत मिसळून गेले आणि कोणता कोठे संपतो हे फक्त कडेच्या धाग्यांवरून कळत होते. मग त्यांनी तांब्याभर पाणी त्यांवर ओतले. काळ्यातला राहिलेला फरकही गेला. “रंगाचं नाव राहू द्या हो, त्यातनं उजेड किती परत येतोय ते बघा,” असे ते म्हणाले. त्यांनी त्यानंतर पांढरा, मोतिया, फिकट आकाशी आणि लिंबू रंगाचे तुकडे त्याच ओळीत ठेवले, आणि पुढची चर्चा त्या चार तुकड्यांवरच झाली.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. लाल आणि हिरव्यात गल्लत होणारे पुरुष आपल्या समजुतीपेक्षा बरेच जास्त असतात, कारण हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि पुरुषाकडे ते एकच असते. आमच्या संघातील एका बचावपटूला ही अडचण आहे. बाटली हिरव्या संघाविरुद्ध खेळताना तो चेंडू देण्याआधी चेहरा ओळखू येईपर्यंत थांबतो, आणि त्यावरून त्याने बाहेरून बरीच बोलणी खाल्ली आहेत. उजेडातला फरक धरून निवडलेली जर्सी त्यालाही तितकीच स्पष्ट दिसते जितकी इतरांना, आणि एवढ्या एका कारणासाठी जरी दुसरा सेट केला असता तरी तो खर्च वाया गेला नसता.

आता दुसऱ्या सेटच्या आराखड्याविषयी. भाच्याने गेल्या खेपेला रिचमंडची पिवळी जर्सी आणली होती, ती मी कारखान्यात नमुना म्हणून नेली. बिनबाह्यांची, अंगासरशी, पिवळ्याधमक अंगावर खांद्यापासून कमरेपर्यंत उतरणारा काळा पट्टा. रिचमंडची मूळ जर्सी याच्या बरोबर उलट, काळ्यावर पिवळा पट्टा. नवीन रंग नाही, नवीन चित्र नाही. घरातल्याच दोन रंगांनी जागा बदलल्या, आणि काळोखातला संघ उजेडात आला. २०१७ च्या अंतिम सामन्यात समोर ॲडलेड होते, साखळीत पहिल्या क्रमांकावर राहिलेले आणि गडद निळ्या अंगाचे, त्यामुळे रिचमंडला ही पिवळी जर्सी घालावी लागली. रिचमंडने तो सामना १०८ विरुद्ध ६० असा जिंकला आणि १९८० नंतरचे पहिले अजिंक्यपद मिळवले. ३७ वर्षे वाट पाहिलेल्या लोकांच्या आठवणीत तो दिवस पिवळ्या अंगाने राहिला आहे. त्या जर्सीला आता कोणी दुय्यम म्हणेल असे मला वाटत नाही.

मालकांनी ती जर्सी उलटी करून शिवण पाहिली, पट्टा बगलेतल्या जोडावर कसा जुळवला आहे ते बोटाने मोजले, आणि मग आमचा आराखडा काढला: फिकट अंग, त्यावर डाळिंबी तिरका पट्टा, रुंदी मूळ पांढऱ्या पट्ट्याएवढीच, उतारही तोच. फिकट म्हणजे पांढराशुभ्र घ्यावा असा आमचा कल होता. त्यांनी तो मोडून काढला. बेळगावची तांबडी माती पांढऱ्या कापडात एकदा बसली की ती धुण्याने पुरती निघत नाही, दोन-तीन सामन्यांत सगळा सेट गेरूत बुडवल्यासारखा होतो, आणि मग त्याचा डाळिंबीशी असलेला फरकही कमी होत जातो. त्याऐवजी मोतिया घ्या, असे ते म्हणाले. मातीचा डाग त्यात कमी ओरडतो आणि संध्याकाळच्या उजेडात तो पांढऱ्याइतकाच उठून दिसतो. मोसम संपल्यावर आमचा मोतिया सेट आणि शेजारच्या मंडळाचा पांढरा सेट एका दोरीवर वाळत असताना मी पाहिले आहेत, आणि सल्ला अगदी बरोबर होता. शॉर्ट्सही आम्ही दोन केल्या, डाळिंबी आणि मोतिया, म्हणजे जर्सीत थोडे साम्य राहिले तरी कमरेखाली फरक राहतो.

देणगीदाराच्या नावाचा प्रश्न मात्र थोडा कठीण गेला. आम्हाला ज्यांनी निम्मा खर्च दिला, त्यांना आपले चिन्ह छातीवर, पट्ट्याच्या मधोमध आणि आपल्याच रंगात हवे होते. यावर कार्लटनचे उदाहरण मी बैठकीत मांडले. गडद निळ्या अंगावर पांढरी आद्याक्षरे हीच ज्या क्लबाची ओळख, त्याने १९९७ साली एम अँड एम्स या गोळ्यांच्या जाहिरातीसाठी ॲडलेडविरुद्ध फिकट निळी जर्सी घातली, आणि तो रंग आजही तेथील जुन्या समर्थकांना खुपतो. गंमत अशी की, निव्वळ डोळ्याच्या हिशेबाने ती जर्सी ॲडलेडच्या गडद निळ्यापासून उत्तम वेगळी दिसत होती. लोकांना राग फिकटपणाचा आला नाही. रंग दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीने आला याचा आला. मालकांनी यात फार सुज्ञपणे मध्यस्थी केली: चिन्ह पाठीवर आकड्याच्या खाली, एका रंगात, पट्टा मोकळा. देणगीदारांनी ते मान्य केले, आणि त्यांच्याविषयी आम्हाला कृतज्ञता आहे. स्वतःचे गिऱ्हाईक नाराज होण्याचा धोका पत्करून जर्सीची बाजू घेणारा शिलाईवाला दुर्मीळ असतो.

परंपरा म्हणजे नेमके काय, हा वाद आमच्याकडे मोसमभर चालू राहिला, आणि त्यात पोर्ट ॲडलेडचा विषय वारंवार निघाला. हा क्लब मुळात किरमिजी आणि निळ्या रंगाचा होता. ते रंग मोसमभर टिकत नसत, टिकणारा रंग मिळेना, म्हणून १९०२ साली त्याने काळे-पांढरे उभे पट्टे घेतले. ज्या जर्सीला तेथील लोक तुरुंगाचे गज म्हणतात आणि जिच्यासाठी आजही भांडतात, ती अशी रंगाऱ्याच्या अडचणीतून आली. १९९७ साली हा क्लब राष्ट्रीय स्पर्धेत आला तेव्हा तेथे काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे कॉलिंगवूड आधीच होते, दोघांचे टोपणनावही एकच, मॅगपाय. पोर्टला मोरपंखी रंग जोडून घ्यावा लागला आणि जुनी जर्सी पेटीत गेली. २०१४ च्या बाद फेरीत रिचमंडविरुद्ध काळ्याला काळा जुळतो म्हणून पोर्टला रंग बदलायला सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी ते गज बाहेर काढले आणि सामना ५७ गुणांनी जिंकला. २०२० मध्ये, क्लबाच्या दीडशेव्या वर्षी, शहरातील प्रतिस्पर्धी ॲडलेडविरुद्धच्या शोडाउन सामन्यात गज घालायला परवानगी मिळाली; २०२१ मध्ये नाकारली गेली, आणि खेळाडूंनी सामना जिंकल्यावर कपडे बदलण्याच्या खोलीत गजांची जर्सी घालून विजयगीत म्हटले. शेवटी २०२३ मध्ये शोडाउनसाठी ती मान्य झाली.

माझे मत या बाबतीत ठाम आहे. शोडाउनमध्ये पोर्टसमोर ॲडलेडचा गडद निळा, लाल आणि सोनेरी गणवेश असतो. कॉलिंगवूड मैदानावर नसतेच. म्हणजे तेथे डोळ्याला होणारी अडचण काहीच नाही. वाद मालकीचा आहे. रंग जुळण्याचा नियम खेळाडू, पंच आणि प्रेक्षक यांच्या सोयीसाठी आहे, आणि तो दुसऱ्या क्लबाचा मान सांभाळण्यासाठी वापरला की त्याच्यावरचा विश्वास जातो. आपल्याकडेही एका मंडळाने भगवा घेतला की दुसऱ्याने घेऊ नये, अमुक गल्लीचा निळा तमुक गल्लीने चोरला, अशी भांडणे होतात. भगवा कोणा एकाचा नाही. दोन भगवे संघ समोरासमोर आले तर एकाने त्या दिवसापुरते दुसरे अंग चढवावे, आणि ते अंग आधीपासून पेटीत असावे, एवढेच पुरेसे आहे.

कामाच्या दर्जाविषयी. छपाई सबलिमेशनची आहे: आराखडा आधी कागदावर छापतात, तो पांढऱ्या पॉलिएस्टर कापडावर ठेवून दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या यंत्रात दाबतात, शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. त्यामुळे रंग सोलवटत नाही आणि आकड्यांचे पोपडे निघत नाहीत. कापड बारीक जाळीचे, पावसात जड होत नाही आणि लवकर वाळते. पुढचा आणि मागचा तुकडा वेगवेगळा छापून मग जोडतात, त्यामुळे तिरका पट्टा बगलेत जुळणे ही खरी कसोटी असते; आमच्या सेटमध्ये तो जवळजवळ सर्व जर्सींवर रेषेला रेष लागून आला आहे. आकडे मोठे, ठळक आणि पट्ट्यापासून दूर आहेत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या लीगने १९१२ पासून आकडे सुरू केले ते प्रेक्षकांना खेळाडू ओळखता यावेत म्हणून. गल्लीच्या स्पर्धेत ध्वनिक्षेपकावरून समालोचन करणाऱ्यालाही त्यांचा तेवढाच आधार असतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. डाळिंबी रंगाच्या पहिल्या आणि नंतर वाढवून घेतलेल्या जर्सींमध्ये छटेचा फरक आहे. नव्या जर्सी किंचित राणी रंगाकडे झुकतात आणि संघ एका ओळीत उभा राहिला की ते लगेच लक्षात येते. सबलिमेशनमध्ये कापडाची आतली बाजू पांढरीच राहते, त्यामुळे खांद्याशी आणि काखेत कापड ताणले की डाळिंबीतून पांढरट झाक दिसते. हा त्या पद्धतीचाच दोष आहे, तरी आगाऊ सांगायला हवे होते. देवनागरी मजकुराच्या बाबतीत तर फारच सावध राहावे: आमच्या पहिल्या नमुन्यावर ‘क्रीडा’ या शब्दातला जोड फुटून आला होता आणि वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला बसली होती. संगणकावरचे जुने फाँट वापरल्याने असे होते. कन्नड मजकुरातही हीच तक्रार मी दुसऱ्या एका संघाकडून ऐकली आहे. त्यांनी विनातक्रार दुरुस्त करून दिले, पण छपाईपूर्वीचे चित्र एकदा मराठी नीट वाचणाऱ्याने आणि, मजकूर कन्नडमध्येही असेल तर, कन्नड नीट वाचणाऱ्याने तपासल्याशिवाय होकार देऊ नये. मंडळाच्या संस्थापकांची नावे एसेंडनप्रमाणे बारीक अक्षरांत अंगभर छापावीत अशी आमची इच्छा होती. जाळीच्या कापडात इतके बारीक अक्षर भरून जाते, असे सांगून त्यांनी ती नावे कॉलरच्या आतल्या पट्टीवर घेतली. तेथे ती वाचता येतात, आणि जर्सी डोक्यावरून चढवताना प्रत्येक पोराच्या नजरेसमोरून जातात.

मोजे त्यांच्याकडे मिळत नाहीत, ते बाजारातून जुळवून आणावे लागतात, आणि मोतिया मोजे बेळगावात सहज मिळत नाहीत; आम्ही शेवटी पांढऱ्यावर भागवले. गोलरक्षकाची जर्सी वेगळ्या आराखड्याची असेल तर तिचे पैसे जास्त पडतात. दर एकंदरीत वाजवी आहेत: जर्सी आणि शॉर्ट्स मिळून माणशी पाचशे-साडेपाचशेच्या आसपास खर्च आला, दुसऱ्या सेटला आराखड्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, आणि संख्या वाढली की दर थोडा उतरतो. कोल्हापूरला याच दर्जाचे काम मिळते, पण जाण्यायेण्याचा खर्च धरला आणि एखादी जर्सी बदलून घेण्याची वेळ आली, तर शहापूर केव्हाही सोयीचे.

वेळेचे मात्र त्यांच्याकडे जमत नाही. दिलेल्या तारखेला माल मिळाला नाही, आणि तो मिळेपर्यंत पहिला सामना आम्हाला जुन्या सेटवर, म्हणजे पुन्हा बिब घालून खेळावा लागला. गणेशोत्सवाच्या आधी ढोलपथकांचे आणि मंडळांचे टी-शर्ट सुरू झाले की जर्सीचे काम मागे पडते, हे मालक स्वतःच कबूल करतात. ज्यांना पावसाळी स्पर्धांसाठी सेट हवा आहे त्यांनी एप्रिलमध्येच नोंद करावी, अर्धी रक्कम द्यावी, पावतीवर तारखेबरोबर रंगाच्या तुकड्याचा नमुना टाचून घ्यावा, आणि पुढे जर्सी वाढवताना तो तुकडा बरोबर न्यावा. त्याशिवाय ज्यांच्याशी नेहमी गाठ पडते त्या संघांचे, शक्य तर भर पावसात संध्याकाळी काढलेले, फोटो मोबाइलमध्ये असू द्यावेत. मालक ते मागतातच, आणि नसले तर आधी ते घेऊन या असे सांगून परत पाठवतात.